सुटे भाग

राजा मिलिंद रथात बसून भिक्खू नागसेनाला भेटायला आला, ही गोष्ट मराठी वाचकाला अपरिचित नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली सुरू केलेले महाविद्यालय याच मिलिंदाच्या नावाने ओळखले जाते आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतो, की महाराज, आपण ज्यातून आलात तो रथ म्हणजे नेमके काय? दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके, सांगाडा, जू, लगाम, यांपैकी कोणते एक म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि अखेरीस त्याला मान्य करावे लागते, की रथ हे या सर्व भागांच्या जुळणीला व्यवहारापुरते दिलेले नाव आहे. तिकडे ग्रीकांमध्ये थीसियसच्या जहाजाची कूटकथा आहे. कुजलेली एकेक फळी काढून नवी बसवत गेले तर शेवटी उरते ते जहाज तेच की दुसरे, असा तिचा प्रश्न. प्लूटार्कने ती नोंदवली आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गांत ती आजही सांगितली जाते.

या दोन्ही दृष्टान्तांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. भाग मागितल्याबरोबर सुटतात. नागसेन रथ केवळ तोंडाने सुटा करतो. दांडी बाजूला, चाके बाजूला, आस बाजूला. थीसियसच्या जहाजाची फळी काढताना एखादा खिळा अडला, शेजारची फळी चिरली, सुताराने करवत मागवली, असे कुठेही ऐकिवात नाही. आपल्या भाषेनेही हे गृहीत मुकाट्याने स्वीकारले आहे. यंत्राच्या बदलायच्या अवयवांना आपण ‘सुटे भाग’ म्हणतो. दुकानात खोक्यात असतात तेव्हा ते सुटे असतात यात शंका नाही. पण यंत्रात पन्नास वर्षे बसलेला भाग सुटा आहे की नाही, हे तो काढायला गेल्याखेरीज समजत नाही.

मला ते चेन्नईच्या दक्षिण भागातल्या पेरुंगुडीत समजले. तमिळमध्ये ‘पेरुम्’ म्हणजे मोठी आणि ‘कुडी’ म्हणजे वस्ती. मराठी कानाला मात्र कुडी म्हटले की देह आठवतो आणि गावाच्या नावाचा उगाचच वेगळा अर्थ लागतो. एकेकाळचे हे तळ्याकाठचे गाव २०११ साली चेन्नई महानगरपालिकेत आले. जुन्या महाबलीपुरम् रस्त्यावर आता काचेच्या कचेऱ्यांची रांग आहे. पण आत औद्योगिक वसाहतीच्या बाजूला वळले की पत्र्याच्या छपरांची गॅरेजे अजून भेटतात. अशाच एका गॅरेजात माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर जॅकवर उभी होती. दोन माणसांपुरती, उघड्या टपाची, जमिनीलगत बसणारी ही इंग्रजी स्पोर्ट्स कार १९६२ साली बाजारात आली आणि १९८० पर्यंत बनत राहिली.

अशी गाडी चेन्नईत दुरुस्त होऊ शकते यामागे इतिहास आहे. स्पिटफायरचा मागचा सांगाडा ट्रायम्फ हेराल्ड या घरगुती मोटारीवरून घेतलेला, आणि ती हेराल्ड १९६१ पासून स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून मद्रासेत बनवली. ॲम्बॅसडर आणि फियाट यांच्या जोडीला आपल्या रस्त्यांवर दिसणारी तिसरी मोटार ती हीच. त्यामुळे चेन्नईतल्या साठी ओलांडलेल्या कित्येक कारागिरांचे हात हेराल्डवर तयार झाले आहेत आणि स्पिटफायरच्या पोटात शिरताना त्यांना परके वाटत नाही. या गॅरेजाचे मालक त्याच पिढीचे. सगळे त्यांना मेस्त्री म्हणत. पोर्तुगीज ‘मेस्त्र’ कोकणात आला तसा तमिळ किनाऱ्यावरही उतरला, म्हणून रत्नागिरीच्या माणसाला इथे निदान एक हाक तरी घरची सापडते.

मागच्या चाकाचे सस्पेन्शन वाचकाला थोडे समजावून सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. डिफरन्शियल चौकटीला पक्के बसवलेले असते. त्याच्या माथ्यावरून पाट्यांचा एक आडवा जुडगा कमानीसारखा दोन्ही बाजूंना जातो. जुडग्याच्या प्रत्येक टोकाला एक उभी लिंक लोंबते आणि तिचे खालचे टोक चिमट्यासारखे दुभंगलेले असते. या चिमट्यात चाकाचे बेअरिंग सांभाळणारे ओतीव घर बसते. त्याला ट्रनियन म्हणतात. घरात नायलॉनचे बुश, बुशांत पोलादी नळी, आणि चिमट्याचा एक पाय, ती नळी व चिमट्याचा दुसरा पाय यांतून आरपार गेलेला एक लांब बोल्ट. चाक वरखाली होते तेव्हा बुश नळीभोवती फिरतात. बोल्टाने फिरायचे नसते, नुसते धरून राहायचे असते.

बुश झिजले, चाक हलू लागले, तेव्हा ते बदलणे आले. बुशाची किंमत नगण्य. पण तिथे पोहोचायचे तर बोल्ट बाहेर आला पाहिजे. डाव्या बाजूचा एका संध्याकाळी हातोड्याच्या माराने आला. उजव्या बाजूचा येईना.

असा बोल्ट का अडकतो याचे कारण ठाऊक असले की त्याच्यावरचा राग ओसरतो. बोल्ट आणि नळी यांच्यात केसाएवढी फट असते. तीत पावसाचे पाणी शिरते, आणि समुद्र जवळ असला तर हवेबरोबर मीठही. लोखंडाचा गंज होतो तेव्हा त्याचे आकारमान मूळच्या दुपटीहून अधिक वाढते. त्याला फुगायला जागा नसते, म्हणून तो दोन्ही पृष्ठभागांवर दाबून बसतो. म्हणजे जिला आपण बोल्टाची पकड म्हणतो ती खरे तर त्याची कोंडी असते. आणि मौज अशी की या अवस्थेत गाडी उत्तम चालते. बोल्ट नळीत रुतला तरी बुश नळीभोवती फिरतच राहतात, चालवणाऱ्याला काही जाणवत नाही. दोन वस्तू एकजीव झाल्या आहेत ही बातमी त्यांना वेगळे करायला कुणी आला की मगच फुटते.

मेस्त्री बोल्टाकडे पाहून म्हणाले, “तुरु पिडिच्चिरुक्कु, सार.” तुरु म्हणजे गंज. ‘पिडि’ या धातूचा अर्थ पकडणे, धरणे. गंजाने धरले आहे, एवढाच वाक्याचा अर्थ. पण तमिळ माणसाला एखादी गोष्ट आवडली की तोही हेच क्रियापद वापरतो, आणि हट्टीपणाला त्या भाषेत ‘पिडिवादम्’ म्हणतात. आवड, गंज आणि हट्ट एकाच धातूतून निघावेत याचे मला त्या क्षणी नवल वाटले. नंतर वाटले, मराठीतही काही निराळे नाही. लोखंड गंज धरते, मन राग धरते, माणूस माया धरतो आणि मूल हट्ट धरते. धरण्याच्या या साऱ्या तऱ्हा आपण एकाच शब्दात ओवल्या, मग त्यांतल्या काहींना सद्गुण ठरवले आणि काहींना दोष.

म्हणून बोल्टाला हट्टी म्हणणे मला पटत नाही. हट्टाला इच्छा लागते. दशकानुदशके त्या बोल्टाकडे कुणी पाहिले नाही, त्याला ग्रीसचे बोट लावले नाही, आणि आज अचानक आपल्याला त्याने जागा सोडायला हवी आहे. तो सोडत नाही तेव्हा आपण आपल्या दीर्घ दुर्लक्षाला त्याच्या स्वभावाचे नाव देतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हेकट म्हणताना, जुन्या रीतीला चिवट म्हणताना, वस्तीतून न उठणाऱ्या रहिवाशांना अडेलतट्टू म्हणताना पुष्कळदा हेच घडत असते. ज्याला पन्नास वर्षे एका जागी धरून राहायला सांगितले, त्याने ते इमानाने पाळले, एवढाच त्याचा अपराध.

तरीही बोल्ट काढायचा तर होताच. तो तसाच राहिला असता तर चाक हलत राहिले असते आणि एखाद्या दिवशी गाडी चालवणाऱ्याच्या जिवावर बेतले असते. समजून घेतले म्हणून सोडून देता येत नाही, ही या प्रश्नाची खरी अडचण आहे.

मेस्त्रींची रीत ठरलेली होती. आधी गंजात झिरपणारे तेल, आणि मग काहीही न करणे. तेल रात्रभर मुरू द्यायचे, सकाळी हलके ठोके द्यायचे, पुन्हा तेल घालायचे. यात दोन दिवस गेले. त्यानंतर गॅसची ज्योत. लिंकचा पाय तापला की त्याचे भोक रुंदावते. किती? तीनशे अंशांनी तापवले तरी बारा मिलिमीटरच्या भोकात मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास. एवढ्याशा वाढीने कधी गंजाचा सांधा तडकतो, कधी नाही. मग हातोडा. पण तोही बेताने, कारण बोल्टाचे तोंड ठोक्यांनी पसरले की तो भोकातून मुळीच जात नाही. बळ वाढवत नेले की एका मर्यादेपलीकडे तेच बळ सुटकेच्या आड येते. ही मर्यादा कुठे आहे ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. ठोक्याचा आवाज बदलतो त्यावरून मेस्त्री ती ओळखत.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि करवतीचे पाते मागितले.

चिमट्याचा पाय आणि ट्रनियन यांच्यामध्ये पात्यापुरती जागा असते. तिथून बोल्ट आणि नळी दोन्ही बाजूंनी कापून काढायचे. मग मधला तुकडा घरात राहतो, बाहेरचे दोन तुकडे लिंकच्या पायांत राहतात, आणि ते एकेक करून दाबून काढता येतात. बोल्ट गेला, नळी गेली, बुश तर जाणारच होते. लिंक मात्र वाचली पाहिजे. कारागिरीच्या जगात याबद्दल दुमत नाही. दोन वस्तू एकमेकींत रुतल्या आणि दोन्ही वाचणार नसतील, तर जी सहज मिळते ती कापावी, जी मिळत नाही ती राखावी.

नागसेनाच्या रथापाशी जो प्रश्न उद्भवला नव्हता तो इथे उभा राहतो. बदलल्यावर गाडी तीच राहते का, हा प्रश्न मला तितकासा छळत नाही. नाव टिकते, नोंदणीपुस्तक टिकते, मालकाची माया टिकते, व्यवहाराला तेवढे पुरते. छळतो तो आधीचा क्षण. दोन भाग वेगळे करताना एकाला इजा होणार हे नक्की असते, आणि कोणाला व्हावी हे कुणीतरी तिसराच ठरवतो. गीतेने देहत्यागाला जीर्ण वस्त्र बदलण्याची उपमा दिली आणि ती आपल्या मनात इतकी रुजली, की बदल म्हटला की अंगावरून हलकेच उतरणारे वस्त्रच डोळ्यांपुढे येते. जखमेवर वाळलेली पट्टीही वस्त्रच असते, पण ती ओढून पाहावी! महाभारताला हे माहीत होते. कर्णाचे कवच अंगात घातलेले नव्हते, अंगाबरोबर आलेले होते. ते त्याने देहापासून कापून दिले, म्हणून तो वैकर्तन. आपल्या परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध न सुटणारा भागही त्याच्याच वाट्याला आलेला आहे, ते जमिनीत रुतलेले रथाचे चाक. तो ते उपसत होता आणि तोवर थांबायला कुणी तयार नव्हते.

‘सहज मिळते ते कापावे’ या नियमात शहाणपण आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. तो नसता तर एकही जुने यंत्र दुरुस्त झाले नसते. पण तो वस्तूंच्या किमतीवर चालतो आणि किंमत वस्तूत नसते. हेराल्ड मद्रासेत बनत होती त्या काळी अशी लिंक बोल्टासारखीच दुकानात मागून मिळे. १९८८ मध्ये कंपनीतले उत्पादन संपले, साठे आटले, आणि तेच लोखंड मौल्यवान झाले. आता लिंकसाठी भंगारबाजार धुंडाळावा लागतो. धातूत काही फरक पडला नव्हता. काय राखावे याचे उत्तर एका कारखान्याचे दार बंद झाल्याने बदलले.

किमतीवरून काय कापावे ते ठरवणारी ही रीत गॅरेजाबाहेर काय करते, ते पाहायला पेरुंगुडीहून दूर जावे लागत नाही. गावाच्या पाठीशी पळ्ळीकरणैची पाणथळ आहे. पावसाचे पाणी पोटात घेऊन हळूहळू समुद्राकडे सोडणारी ही जमीन १९६०च्या दशकात सुमारे पाच हजार हेक्टर होती असे मानले जाते. महसुलाच्या भाषेत ती निरुपयोगी ठरली. तमिळ दप्तरात अशा जमिनीला ‘पुरंबोक्कु’ म्हणतात आणि बोलीत कुचकामी माणसालाही तोच शब्द लावतात. आपल्या सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ हा त्याचाच सख्खा भाऊ. जे निरुपयोगी ते स्वस्त, आणि स्वस्त ते कापायचे. पेरुंगुडीच्या बाजूने तिच्यावर शहराचा कचरा दशकानुदशके टाकला गेला, इतर बाजूंनी रस्ते आणि इमारती चढल्या. डिसेंबर २०१५ च्या पुरात दक्षिण चेन्नईच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या तेव्हा त्या पोटखराब्याची किंमत लोकांना कळली. २०२२ साली सुमारे १,२४८ हेक्टर पाणथळीला रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि कचऱ्याचे जुने डोंगर उकरून वेगळे करण्याचे कामही हाती घेण्यात आले. मेस्त्रींनी बोल्ट कापला तेव्हा तो पुन्हा मिळतो याची त्यांना खात्री होती. पाणथळ कापणाऱ्यांना ती कुठल्या दुकानात मिळणार होती?

आता त्या गृहस्थांच्या गॅरेजातल्या एका वादाबद्दल. मागचा भाग उघडलाच आहे तर मूळ रचनाच बदलावी, असे एकाचे म्हणणे पडले. हेराल्ड आणि सुरुवातीच्या स्पिटफायर यांचा आस झुलता असतो. वळणावर वेगात असताना पाय एकदम ॲक्सिलरेटरवरून उचलला तर गाडीचा मागचा भाग वर येतो, चाक आत दुमडते आणि पकड सुटू शकते. याच जातीच्या रचनेमुळे अमेरिकेतली शेव्हरले कॉर्व्हेर बदनाम झाली आणि राल्फ नेडर यांनी १९६५ साली ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण तिच्यावर लिहिले. ट्रायम्फने १९७० साली स्पिटफायरच्या चौथ्या आवृत्तीत मधल्या पाट्यांना झुलण्याची मोकळीक देऊन हा दोष पुष्कळसा घालवला. मद्रासच्या कंपनीने तर १९७२ च्या ‘गॅझेल’मध्ये झुलता आस काढून साधा सलग आस बसवला. मूळ रचना राखणे म्हणजे मूळ धोका राखणे. वारसा जपायचा म्हणून त्यातली इजाही जपावी का? माझे मत विचाराल तर, नाही. नव्या पद्धतीचा पाटा बसवल्याने गाडीच्या सत्त्वाला बाध येत नाही. आणि येत असलाच तर शेजारी बसणाऱ्या माणसाच्या मानेपेक्षा ते सत्त्व मोठे नाही. गृहस्थांनी माझे ऐकले नाही. गाडी त्यांची आहे आणि ती ते सावकाश चालवतात.

वाद चालू असताना करवत थांबली नव्हती. ती चालवत होता ओडिशातून आलेला एक विशीतला मुलगा. चाकाखाली उताणा पडून, डोळ्यांत गंजाची पूड जाऊ नये म्हणून मान वळवून, पाते एका वेळी बोटभर मागेपुढे करत. एका कापाला दीड तास लागला, आणि काप दोन. मधे तीन पाती तुटली.

वस्तू फेकून न देण्याच्या आपल्या संस्कृतीचे गोडवे अलीकडे फार गायिले जातात. पाश्चात्त्य माणूस मोडले की टाकतो, आपण सांधतो, जोडतो, पुन्हा वापरतो, आणि हे आपल्या अपरिग्रहाचे लक्षण आहे, असे सांगितले जाते. त्यात थोडे तथ्य असेलही. पण त्या दुपारी मला त्यामागचा हिशेब दिसला. जिथे माणसाचा तास महाग आहे, तिथे तीन तासांच्या करवतीपेक्षा दुसऱ्या गाडीचा अख्खा जुना सांगाडा विकत घेणे परवडते. इथे तास स्वस्त आहे म्हणून लिंक वाचते. बोल्ट, नळी आणि लिंक यांच्यात कोणाला राखायचे याची आम्ही चर्चा केली, पण त्या चौथ्या वस्तूचा, त्या मुलाच्या मनगटाचा, विषय कुणी काढला नाही. तीही ‘सहज मिळणारी’च होती. ही गोष्ट ध्यानात आल्यावर दुरुस्ती वाईट ठरत नाही. लिंक वाचावी असेच मला आजही वाटते. मात्र ती आमच्या संयमामुळे वाचली असे म्हणायला जीभ रेटत नाही. संयम उताणा पडलेल्या माणसाचा होता आणि त्याला तो स्वेच्छेने धरलेला गुण आहे की दुसरा रोजगार नसल्याची खूण, हे विचारण्याइतकी आमची एकमेकांची भाषा जुळत नव्हती.

संध्याकाळी तुकडे निघाले. मेस्त्रींनी लिंकच्या पायांतली भोके आधी दिव्याच्या उजेडात बोटाने चाचपली, मग मोजली. ती गोल राहिली होती. नव्या बोल्टाला त्यांनी टोकापासून टोकापर्यंत तांब्याची पूड मिसळलेले ग्रीस लावले, इतके की गृहस्थ म्हणाले, एवढे कशाला? कारखान्यात जोडताना कुणी इतके लावत नसणार. मेस्त्रींनी उत्तर दिले नाही. त्यांनी डबा त्या मुलाच्या हातात दिला आणि डाव्या बाजूचा बोल्ट, जो एका संध्याकाळी निघाला होता आणि साफ करून परत बसवला होता, तो पुन्हा बाहेर काढून त्यालाही लावायला सांगितले. मुलगा परत गाडीखाली गेला. बिलात मजुरीची एकच ओळ होती.